ऑपरेशन यशस्वी, मग अक्षरं रेषेबाहेर का जातात?

पत्र

नमस्कार डॉक्टर. आम्ही ऐरोलीला राहतो. माझा मुलगा ऑगस्ट २०२० चा, आता सिनिअर केजीत आहे. जन्मला तेव्हा त्याच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली होती. तिसऱ्या दिवशी बलून केला (फुगा घालून हृदयाच्या पडद्यातलं छिद्र मोठं केलं), अकराव्या दिवशी ओपन हार्ट झालं. आता दरवर्षी एको नॉर्मल येतो. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, 'ए-वन आहे, वर्षाने या.'

पण शाळेतून सारख्या तक्रारी. फळ्यावरचं उतरवत नाही, जागेवर बसत नाही, बटणं लावता येत नाहीत. बोलायलाही उशिरा लागला होता. टीचर म्हणतात, सिनिअर केजी रिपीट करा. मिस्टर म्हणतात, मीही असाच होतो. सासूबाई कधी म्हणतात, ऑपरेशनात मशीनवर ठेवलं तेव्हा मेंदूला रक्त पोचलं नसणार. कधी म्हणतात, २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात तू भाजी चिरली होतीस. मला वाटतं, मी लोकलचे धक्के खात कामाला जात होते आणि लोहाच्या गोळ्याही नीट घेतल्या नाहीत, त्याचंच हे. मेडिकलवाल्याने मेंदूचा रक्तपुरवठा वाढवणारं सिरप दिलंय, ते सुरू करू का? शाळेला ऑपरेशनचं सांगितलेलं नाही, सांगावं का? आणि दुसऱ्या बाळाचा विचार करावा का?

— एक आई, ऐरोली

उत्तर

ताई,

पत्रासोबत तुम्ही वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत. खरं सांगायचं तर पत्राआधी मी तेच पाहिले. पहिल्या पानावर फळ्यावरून उतरवलेले शब्द आहेत. 'कमळ'मधला क रेषेवर, म रेषेच्या खाली आणि ळ अर्धा समासात. चार शब्द झाले की पान कोरं. दुसऱ्या पानावर बेरजा. उत्तरं आपापल्या चौकटी सोडून दोन-दोन घरं उजवीकडे सरकली आहेत, आणि त्या चुकीच्या घरांमध्ये लिहिलेली उत्तरं एकूण एक बरोबर आहेत. टीचरनी त्यावर लाल फुल्या मारल्यात, ते सोडून देऊ.

मुलाला गणित येतंय, कागदावर जागा सापडत नाहीये. फळ्यावर पाहायचं, पाहिलेलं डोक्यात धरून मान खाली घालायची, वहीतली नेमकी जागा शोधायची आणि मग हाताने ते तिथे उमटवायचं, एवढी सगळी कामं 'उतरवणे' या एका कामात असतात. या साखळीतली एखादी कडी कच्ची असली की चार शब्दांत मूल दमतं, आणि दमलं की उठून फिरायला लागतं. वर्गात मग तेवढं फिरणंच दिसतं.

तुमच्या मुलाला झालेला हृदयविकार आणि ही वही यांचा संबंध असू शकतो. मुलाला तपासल्याशिवाय मी 'आहेच' म्हणणार नाही. पण अशी ऑपरेशनं झालेल्या मुलांमध्ये नेमक्या याच तक्रारी इतक्या वेळा दिसतात की 'खोडकर आहे' म्हणून सोडून देणं बरोबर नाही.

सासूबाईंच्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती शंका रास्त आहे. मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी याचा संबंध आहे, फक्त त्याची सुरुवात ऑपरेशन थिएटरच्या बरीच आधी, पोटात असतानाच होते. गर्भातल्या बाळाची फुप्फुसं काम करत नसतात, ऑक्सिजन येतो तो वारेतून, नाळेवाटे. निसर्गाने तिथे मोठी खुबीची सोय केली आहे. नाळेतून आलेलं ताजं रक्त हृदयाच्या पडद्यातल्या एका झडपेतून डाव्या बाजूला वळवलं जातं आणि तिथून ते आधी हृदयाला आणि मेंदूला मिळतं. डोक्याकडून परत आलेलं, वापरलेलं रक्त उजव्या बाजूने खालच्या अंगाकडे आणि पुन्हा वारेकडे जातं. तुमच्या सोसायटीत पिण्याच्या पाण्याची लाइन वेगळी आणि बोअरची वेगळी असेल, तसंच. तुमच्या मुलाच्या बाबतीत टाकीवरच्या या दोन जोडण्या उलट झाल्या होत्या. वरच्या मजल्यावर, म्हणजे मेंदूला, कमी ऑक्सिजनचं रक्त जात होतं आणि चांगलं रक्त खाली.

बाळाचं वजन यात चांगलं भरू शकतं, हातपाय हलत असतात, बाहेरून काही कळत नाही. मेंदूही आपल्या परीने मार्ग काढतो. त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त ओढून घेतात. पण शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो, त्याला वळ्या पडतात, एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी तयार होतात. त्या दिवसांत मागणी इतकी असते की ही तडजोड पुरी पडत नाही. फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या अशा बाळांचे एमआरआय ऑपरेशनच्या आधी काढले. रक्तवाहिन्या उलट असलेली बाळं त्यात होती, हृदयाची डावी बाजूच न वाढलेली बाळंही होती. त्यांचे मेंदू वयाच्या मानाने सुमारे महिनाभर मागे दिसले, जणू बाळं एक महिना आधी जन्मली होती. टोरांटोच्या गटाने २०१५ मध्ये पोटातल्या बाळांचेच एमआरआय काढून दाखवलं की हृदयदोष असलेल्या बाळांचा मेंदू कमी ऑक्सिजन वापरत होता, आणि जिथे वापर कमी तिथे मेंदूचा आकारही थोडा लहान होता.

म्हणजे अकराव्या दिवशी सर्जनच्या टेबलावर आलेला मेंदू आधीच थोडा कोवळा होता. कोवळा मेंदू रक्तदाबातले चढउतार, जन्मानंतरचा निळेपणा आणि त्यानंतरचे आयसीयूतले दिवस तितकेसे सोसत नाही.

आता मशीन. हार्ट-लंग मशीनचा, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राचा, काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण किती होतो, हे बोस्टनमध्ये फार चिकाटीने तपासलं गेलंय. १९८८ ते १९९२ या काळात तुमच्या मुलासारखाच दोष असलेल्या १७१ बाळांची निवड झाली. ऑपरेशनच्या वेळी काहींचं शरीर खूप थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवलं गेलं, बाकीच्यांना मशीनवरून कमी वेगाने रक्त चालू ठेवलं. मग ही मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. रक्त फार वेळ थांबवणं चांगलं नाही हे त्यातून कळलं आणि जगभरातल्या सर्जननी आपल्या पद्धती बदलल्या. आता ऑपरेशन चालू असताना बाळाच्या कपाळावर सेन्सर लावून मेंदूतल्या ऑक्सिजनवर नजर ठेवतात. पण सोळाव्या वर्षी पाहिलं तर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. सरासरी बुद्ध्यंक दोन्हींकडे सर्वसाधारण मुलांच्या जवळपास होता. आणि दोन्ही गटांतल्या मुलांना अडचणी आल्या त्या सारख्याच: लक्ष टिकवणं, कामाची आखणी करणं, डोळ्यांनी पाहिलेलं कागदावर मांडणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं. जवळपास दोन-तृतीयांश मुलांना शिक्षणात किंवा वागणुकीसाठी कधी ना कधी जादा मदत घ्यावी लागली होती.

त्यातली एक चाचणी तुम्हाला सांगण्यासारखी आहे. मुलासमोर चौकोन, तिरक्या रेषा, वर्तुळं असलेली एक किचकट आकृती ठेवतात आणि ती पाहून काढायला सांगतात. यातल्या बऱ्याच मुलांनी आकृतीचे तुकडे काढले, पण तुकडे जागच्या जागी बसले नाहीत. तुमच्या लेकाची बेरजांची वही पुन्हा एकदा बघा.

हे सगळं सरासरीचं बोलणं आहे. असा दोष घेऊन जन्मलेली किती तरी मुलं कोणत्याही मदतीशिवाय छान शिकतात. ज्यांच्या हृदयाला नुसतं बारीक छिद्र होतं आणि ते आपोआप बुजलं, त्यांच्या आईवडिलांनी तर हे वाचून मुळीच घाबरू नये. ती गोष्ट वेगळी आहे.

तुमच्या अपराधी वाटण्याबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यात दम नाही. हृदयाची घडण गरोदरपणाच्या आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत बहुतेक पूर्ण होते. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू करतात. त्या तुम्ही चुकवल्या असतील तर तुमचं हिमोग्लोबिन खाली गेलं असेल, रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली नाही. लोकलच्या धक्क्यांनी हृदयाच्या जोडण्या बदलत असत्या तर ठाणे-वाशी मार्गावर एक धड मूल जन्मलं नसतं. आणि ग्रहण म्हणजे सावली. सासूबाईंना हे पटवायला जाऊ नका, वाद वाढेल. त्यांना मुलाच्या कामाला लावा, ते पुढे सांगतो.

माझी खरी तक्रार आहे ती आम्हा डॉक्टरांच्या व्यवस्थेबद्दल. हृदयाचे डॉक्टर हृदय पाहतात आणि उत्तम पाहतात. बालरोगतज्ज्ञ लसी आणि वजन पाहतात. मुलाची वाढ एकंदर कशी चाललीय, हे कुणाच्याच वाट्याला येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगितलंय की तान्हेपणी ओपन हार्ट झालेल्या मुलांची विकासाची तपासणी १ ते २ वर्षांत, ३ ते ५ वर्षांत आणि पुन्हा ११-१२ व्या वर्षी करावी, तक्रार असो वा नसो. कारण नव्या अडचणी नव्या वयात दिसतात. पाचवी-सहावीत प्रकल्प, वेळापत्रक, पाच विषयांच्या वह्या आल्या की वरवर नीट दिसणारं मूलही अडखळतं. तुमचं पहिलं वर्ष लॉकडाऊनमध्ये फोनवर गेलं असणार, तेव्हा बोलणं उशिरा आलं हेही कुणी नोंदवलं नसेल. दुसरी वेळ आता आहे. पहिलीत जाण्याआधी ती साधा.

आधी तीन साध्या तपासण्या करून घ्या: ऐकणं, नजर आणि हिमोग्लोबिन. ऐकण्याची तपासणी लोक नेहमी टाळतात, 'हाक मारली की येतो' म्हणून. आयसीयूत दिली जाणारी काही अँटिबायोटिक्स आणि लघवीची इंजेक्शनं कानावर परिणाम करू शकतात, शिवाय तुमचा मुलगा बोलायला उशिरा लागला. तेव्हा रीतसर ऑडिओमेट्री हवी. त्यानंतर विकास-बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (हातकाम आणि रोजची कामं सरावाने शिकवणारे) या तिघांकडून तपासणी. कुणी फक्त बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी घेऊन बुद्ध्यंकाचा एक आकडा हातावर टेकवला तर तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या मुलाचा आकडा चांगला येईल असा माझा अंदाज आहे, आणि तो पाहून सगळे निश्चिंत होतील, वही मात्र तशीच राहील. पाहून उतरवणं, बारीक हातकाम, लक्ष आणि भाषा यांची वेगवेगळी तपासणी मागा. जाताना जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड आणि अशीच आणखी दहा पानं घेऊन जा.

खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, जन्मजात हृदयदोष आणि विकासातला उशीर दोन्ही त्यात येतात. (तो देशात सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं.) त्याच कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे या तपासण्या आणि थेरपी मोफत असतात. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शिवाय खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं विभागीय केंद्र आहे. ऐरोलीहून पनवेल लोकल थेट जाते. पाटीवरचं नाव वाचून दारातून परत फिरू नका. तिथे गेल्याने मुलावर शिक्का बसत नाही, तपासणी होते.

लर्निंग डिसॅबिलिटीच्या सर्टिफिकेटसाठी मात्र आत्ता धावू नका. शीव रुग्णालयातल्या क्लिनिकचा पत्ता कुणीतरी तुम्हाला देईलच. पण ते निदान आठव्या वर्षाच्या आधी अधिकृतपणे करत नाहीत, आणि पाच वर्षांच्या मुलाबाबत ते करणं योग्यही नाही. चंचलपणाचंही तसंच. अशा मुलांमध्ये एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचं)  प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं हे खरं, पण आधी कान, डोळे, झोप आणि हातकाम पाहू. पुढे कधी गोळीची गरज पडली तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, ईसीजी काढून ती देता येते. 'हार्टचं ऑपरेशन झालंय म्हणजे ती गोळी कधीच चालणार नाही' असं कुणी ठासून सांगितलं तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका.

घरची गोष्ट. बटणं लावता येत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. सकाळी शाळेत निघताना बटणं कोण लावतं? माझ्या अनुभवात अशा घरांत आजी लावते, आणि घासही आजीच भरवते. छातीवर टाके असलेलं नातवंड एकदा हातात घेतलं की ते पाच वर्षांचं झालंय हे मन मानत नाही. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी तुम्हाला व्यायाम दिलाय: शाळेतून आल्यावर त्याच्याकडून गवार मोडून घ्यायची, मटार सोलून घ्यायचे, लसूण निवडून घ्यायचा, कणकेच्या गोळ्या वळून घ्यायच्या. मोठ्या बटणांचा जुना शर्ट दुपारी, घाई नसताना, घालायला द्यायचा. गवारीच्या पाटीभोवती बसून नातवाशी गप्पा होतील, भाषेलाही त्याचाच उपयोग. मिस्टरांनी संध्याकाळी चेंडू झेलायला न्यावं. 'मीही असाच होतो' म्हणणाऱ्या बापाला हे काम बरं जमतं.

शाळेला सांगा. न सांगण्यामागची भीती मला कळते, 'हार्ट पेशंट' म्हणून ते त्याला पीटीच्या तासाला बाकावर बसवतील. म्हणून आजाराचं नाव सांगून थांबू नका, काय करायचं ते लिहून द्या. असं काहीसं:

'माझ्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन तान्हेपणी झालं आहे, सध्या तो ठीक आहे. खेळण्याबाबत डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्याला फळ्यावरून उतरवायला वेळ लागतो. कृपया पहिल्या बाकावर बसवावं, मोठ्या चौकटींची वही वापरू द्यावी, निम्मं उतरवून घ्यावं आणि उरलेलं तोंडी विचारावं. मध्ये एकदा उठून डस्टर आणणं, वह्या वाटणं असं काम द्यावं.'

खेळाची चिठ्ठी हृदयाच्या डॉक्टरांकडून पुढच्या भेटीत मागून घ्या. या ऑपरेशनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही उचलून नव्या जागी लावतात, म्हणून परवानगी त्यांनीच द्यायला हवी. बहुतेक मुलांना पळण्या-खेळण्याची मुभा असते, आणि पळणं मेंदूलाही मानवतं.

वर्ष रिपीट करण्याबाबत माझं मत विचाराल तर, तपासणीशिवाय रिपीट म्हणजे तीच वही आणखी एक वर्ष. काय कच्चं आहे ते कळलं, थेरपी सुरू झाली आणि थेरपिस्टचं मत पडलं की एक वर्ष मिळाल्याने फायदा होईल, तर कमीपणा न मानता द्या. वयाने तो कुठे पळून जात नाहीये.

सिरप सुरू करू नका. पायरासिटाम, सिटिकोलिन अशी नावं बाटलीवर असतील. तुमच्या मुलाच्या मेंदूला आज पुरेसं आणि चांगलं रक्त मिळतंय, ते काम सर्जननी अकराव्या दिवशीच केलंय. जे कमी पडलं ते पोटात असताना, आणि त्या महिन्यांची भरपाई बाटलीतून होत नाही. याच रांगेत ठाण्या-मुंबईत मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन, ऑक्सिजन चेंबर, स्टेम सेल असली दुकानं लागलेली दिसतील. तिथे जाणारे पैसे ऑक्युपेशनल थेरपीसाठी राखून ठेवा. सासूबाई बुद्धीसाठी अक्रोड देत असतील तर ते चालू राहू देत, खाऊ म्हणून.

दुसऱ्या बाळाचा विचार जरूर करा. असा दोष पुन्हा येण्याची शक्यता इतर जोडप्यांपेक्षा थोडी जास्त असते, तरी ती शंभरात दोन-तीनच्या आसपास राहते. दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घ्या, साखर तपासून घ्या, आणि १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान फीटल एको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या. नेहमीच्या सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांची अदलाबदल नजरेतून सुटू शकते. म्हणून पहिल्या मुलाचं निदान फॉर्मवर स्वतःहून लिहा, कुणी विचारण्याची वाट पाहू नका.